दोघींपैकी एक

आमच्या लॅबमध्ये रक्त दिलं की खेकडा मिळतो. जपानच्या किनाऱ्यावर, आमच्या कानाझावात नोव्हेंबरात मादी खेकड्यांचा हंगाम उघडला की एका सकाळी लॅबचे प्रमुख इनोमाता सेन्सेई, म्हणजे आमचे सर, स्वतः सुई हातात घेतात, आमच्या दंडांना पट्टे बांधून एकेक नळी रक्त काढतात आणि दुपारी सगळ्यांना बाजारात जेवायला नेतात. सेन्सेई मूळचे डॉक्टर, पण हात इतका जड की तो खेकडा म्हणजे नुकसानभरपाई आहे असं मी दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी चाटून पुसून खाते. ऑफिसातली सेक्रेटरी रक्त बघूनच आडवी होते, त्यामुळे ती यात नसते. उरतो आम्ही पाच जण: सेन्सेई, दोन तरुण संशोधक पोरं, चिगुसा आणि मी.

निरोगी माणसाच्या पेशी कशा दिसतात हे ठाऊक असल्याशिवाय आजारी पेशींबद्दल बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून हे रक्त. संशोधनाच्या नीतिसमितीची अट एकच, कुठली नळी कुणाची हे कुणालाही कळता कामा नये. म्हणून सेन्सेई आमच्याकडे पाठ करून नळ्यांची सरमिसळ करतात आणि त्यांच्यावर ओदेनच्या, म्हणजे आमच्याकडच्या थंडीतल्या रश्श्याच्या, पातेल्यातल्या जिनसांची नावं लिहितात: मुळा, अंडं, तोफू, बटाटा, माशाची वडी. कोण काय हे मग त्यांनाही सांगता येत नाही. वर्षभर आम्ही एकमेकांना चिडवतो. अंड्याच्या पेशी वाढायचा आळस करतात, म्हणजे तो तूच. बटाट्याच्या पेशी फुगीर आहेत, त्या सेन्सेईंच्या.

शाळेच्या पुस्तकात गुणसूत्रं फुल्यांसारखी दाखवतात ना, तशी ती पेशी दुभंगताना जेमतेम तासभर असतात. बाकी सगळा वेळ ती केंद्रकात सैल पसरलेली असतात, आणि तरी त्यांची खिचडी होत नाही. ज्याची त्याची जागा ठरलेली. अठरा नंबरची जोडी भिंतीला टेकून, एकोणीसची मध्यावर, बावीसचीही मध्याकडेच. आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात म्हाताऱ्या जशा ज्या त्या आपल्याच नळापाशी बसतात, तशी. का, ते नीट कुणालाच सांगता येत नाही. आम्ही त्यांना रंग लावतो आणि कोण कुणाच्या शेजारी बसलंय ते बघतो. शेजार महत्त्वाचा, कारण धागे तुटून जोडताना गडबड झाली तर ती बहुतेक शेजाऱ्याशेजाऱ्यांतच होते. याचा तुकडा त्याला, त्याचा याला. माझं अर्धं आयुष्य या शेजारांत गेलं. स्वतःची गुणसूत्रं मात्र मी कधी पाहिली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

डिसेंबरातल्या एका दुपारी चिगुसा मायक्रोस्कोपवरून ओरडली.

"मिसाओसान, मुळ्याला वेड लागलंय! याचे बावीस नंबर तीन दिसतायत."

चिगुसा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बडबडी आणि हाताची पक्की. पाचवा महिना लागला होता तिला. बॅगेला गरोदर बायकांचा गुलाबी बिल्ला लावून फिरायची आणि बसमध्ये कुणी जागा दिली की लॅबमध्ये येऊन त्याचं वर्णन करायची.

"स्लाइड वाळू दिलीस," मी जागेवरूनच म्हटलं.

आमच्या धंद्यातला हा ठरलेला घोटाळा. रंगवताना स्लाइड एक क्षण जरी कोरडी पडली तरी चेंडूसारखं केंद्रक भाकरीसारखं थापलं जातं. मधलं कडेला जातं, एकाचे दोन दिसतात आणि शोध लागला म्हणून लोक नाचतात. मी अशा नाचणाऱ्यांचे दोन प्रबंध परत पाठवले आहेत.

"शप्पथ, क्षणभरही कोरडी पडली नाही."

"मागच्या वेळीही शप्पथच होती."

"मागच्या वेळी उलट्या होत होत्या हो मला! तुम्हीच करा मग, मी बघते."

मी केली. अकरा नंबर हिरवा, बावीस लाल आणि X निळा. X आम्ही दर वेळी रंगवतो, म्हणजे बाईचा नि पुरुषाचा नमुना अदलाबदल झाला तर लगेच लक्षात येतं. रात्रभर रंग मुरू दिला आणि दुसऱ्या दिवशी दोघी पडद्यासमोर बसलो. केंद्रकं छान गोल होती. वाळण्याचा प्रश्नच नव्हता.

लाल ठिपके तीन होते. हिरवेही तीन. एका मोठ्या हिरव्याला एक लाल चिकटलेला आणि एका बारक्या लालला बारका हिरवा. मी पुढच्या पेशीकडे गेले, तिच्या पुढच्या. सगळीकडे तेच.

"अदलाबदल," चिगुसा म्हणाली. "अकरा आणि बावीस. शिकवताना दाखवतात तस्सं."

अशा माणसाला स्वतःला काही होत नाही. सगळं सामान घरातच असतं, नुसतं या खोलीतलं त्या खोलीत गेलेलं. घोळ होतो तो मूल होताना. अर्धं सामान पुढे द्यायचं असतं, आणि ते देताना एक तुकडा जास्त जातो, एक कमी. मग गर्भ टिकत नाही. किंवा टिकतो आणि फार आजारी बाळ जन्माला येतं. नशीब असलं तर अगदी ठणठणीतही येतं.

चिगुसानं निळ्या रंगाचं बटण दाबलं. निळे दोन होते.

"मुळा बाई आहे," ती हळूच म्हणाली.

"हो."

"रक्त देणाऱ्या बायका आपण दोघीच."

तिनंच पुढे एका दमात म्हटलं, "तुमचंच असणार ते." आणि लगेच तोंडावर हात ठेवून खुर्चीतल्या खुर्चीत वाकली. "माफ करा, माफ करा. काय बोलले मी."

"असू दे. मलाही तसंच वाटतंय."

माझे दोन गर्भ गेले होते. आठ वर्षं झाली. पहिल्या खेपेला सायकल चालवली म्हणून, दुसऱ्या खेपेला नाही चालवली तरी. सासूबाई म्हणाल्या, "कामाच्या नादात जिवाकडे बघितलं नाहीस." मी तेव्हा फणकारले, पण ते वाक्य मनात रुतून बसलं ते बसलंच. म्हणून त्या पडद्यासमोर बसल्या बसल्या मी मनातल्या मनात धावा करत होते की हे माझंच असू दे. आजार कोण मागतं? मी मागत होते.

तेव्हाच तपासून का घेतलं नाही, असं कुणीही विचारील. आमच्याकडे अशा तपासणीआधी डॉक्टर नवराबायकोला समोर बसवून विचारतात: दोष निघाला तर कुणात आहे ते सांगू, की नुसतं 'दोघांपैकी एकात आहे' एवढंच सांगू? पुष्कळ जोडपी दुसरं निवडतात. घर टिकवायचं असतं. शुन्पेई, माझा नवरा, तो प्रश्न ऐकून उठलाच. म्हणाला, काहीच नको सांगायला, आम्हाला तपासायचंच नाही. मी त्याच्या मागोमाग बाहेर पडले. तिसरी वेळ आलीच नाही आणि विषय तिथेच मिटला.

"उद्या बोट टोचू दोघींचं," मी चिगुसाला म्हटलं. "दोन दिवसांत कळेल."

"नको."

"अगं, पाचवा महिना आहे. तुझं निघालं तर गर्भजल तपासता येईल, वेळ गेलेली नाही."

"म्हणूनच नको. कळलं तर तपासावं लागणार. तपासलं तर ठरवावं लागणार. माझ्या सासूला शनिवारी बाळाचा फोटो हवा असतो पोटातला, दर आठवड्याला. मी काय दाखवू तिला, हे?" तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. "मला नाही कळून घ्यायचं. आणि तुम्हीही नाही टोचायचं."

"मी का नाही? माझं बोट आहे."

"तुमचे दोनदोन निघाले तर माझे तीन, हे मी तुमच्या तोंडावर वाचीन. साधे पत्ते खेळताना तुम्हाला खोटं तोंड करता येत नाही, मिसाओसान. वचन द्या."

मला राग आला. स्वतःचं रक्त बघायला दुसरीची परवानगी? पण तिचा चेहरा इतका पांढरा पडला होता की मी "बरं" म्हटलं.

सेन्सेईंकडे गेले तर ते चहा गाळत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुणाची नळी ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. मुळा फेकून द्या."

"मुळा फेकला म्हणून पोटातलं बदलणार आहे का?"

"ओरडू नकोस, चहा सांडतो. तिनं नको म्हटलं ना? मग तिच्यापुरता विषय संपला. येत्या रविवारी श्वानाचा दिवस आहे, तिची सासू तोयामाहून येतेय पोटाचा पट्टा बांधायला. सुखानं बांधून घेऊ दे." कुत्री सुखानं विते म्हणून आमच्याकडे गरोदर बाई पाचव्या महिन्यात पंचांगातल्या श्वानाच्या दिवशी पोटाला पट्टा बांधते.

"आणि माझ्यापुरता?"

सेन्सेईंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "तुझं तू ठरव. फक्त एवढं समज, की एक बोट टोचशील तर दोघींचं रक्त तपासलेलं असेल."

म्हाताऱ्याला मी मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा जास्त राग येतो.

त्या संध्याकाळी जेवताना शुन्पेईला सांगितलं, चिगुसाचं नाव गाळून. वाटलं होतं की तो नेहमीसारखा ताटात बघत राहील. त्यानं काड्या खाली ठेवल्या.

"म्हणजे माझ्यामुळे नसेल ते?"

"काय?"

"मला आठ वर्षं वाटतंय की माझ्यातच काहीतरी आहे. म्हणून तर त्या दिवशी उठलो मी. तू मला सोडून जाशील असं वाटलं."

आठ वर्षं एका घरात, एका पांघरुणात, दोघंही आपापला दोष कुरवाळत बसलो होतो आणि एकानंही तोंड उघडलं नव्हतं. मी उठून त्याच्या वाटीत आणखी भात वाढला. दुसरं काय करणार? पण त्या क्षणी माझं वचन मोडलं होतं, बोट टोचायचं तेवढं बाकी होतं.

गुरुवारी चिगुसा दवाखान्यात तपासणीला गेली. मी अनामिकेला सुई टोचली, चार थेंब घेतले, पेशी वेगळ्या करून रंगात ठेवल्या. इतक्या वर्षांत स्लाइड वाळेल म्हणून मी पहिल्यांदाच घाबरले.

शुक्रवारी दुपारी जेवायच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर पडदा लावला. लाल दोन. हिरवे दोन. माझ्याच पेशी, शहाण्या मुलांसारख्या आपापल्या जागी बसलेल्या. कुणी कुणाला चिकटलेलं नाही, कुणाचा तुकडा कुणाकडे नाही. मी दुसरी पेशी बघितली, दहावी बघितली, मग मोजायचं सोडून दिलं. निरोगी. उदाहरण म्हणून छापावं असं निरोगी.

मला रडू फुटलं. मोठ्यानं, नाक गळेपर्यंत. चांगली बातमी आली म्हणून असं कुणी रडतं का? पण माझं कारण गेलं होतं. तीन दिवस मी ते उराशी धरून होते, सासूबाईंना ऐकवायची वाक्यं जुळवत होते, आणि आता परत सायकल, परत सासूबाईंचं कामाच्या नादाचं ते वाक्य. शुन्पेईचीही सुटका नाही. सगळं होतं तिथेच.

बऱ्याच वेळानं, आणि हे मी सरळच सांगते, बऱ्याच वेळानं माझ्या डोक्यात आलं, की म्हणजे चिगुसाचं.

पडदा बंद करेपर्यंत दार उघडलं. चिगुसा डब्याचं फडकं हातात घेऊन आत आली. आधी तिनं माझे डोळे पाहिले, मग बोटाची चिकटपट्टी.

"टोचलंत," ती म्हणाली.

मी मान डोलावली. तिनं फडकं टेबलावर टाकलं, माझ्याजवळ आली आणि मला कवटाळलं. आमच्याकडे कुणी कुणाला असं कवटाळत नाही, आईसुद्धा नाही. तिचं पोट माझ्या कुशीला लागलं.

"मिसाओसान, रडा, खूप रडा," ती म्हणाली. "पण ऐका, निदान कारण तरी कळलं ना? तुमची चूक नव्हती ती. कधीच नव्हती. सायकल नव्हती, काम नव्हतं, काही नव्हतं. दोन चिमटीएवढे तुकडे इकडचे तिकडे, बास."

आठ वर्षं मी ही वाक्यं कुणाकडून तरी ऐकायची वाट बघत होते. ती ऐकली, आणि त्यातलं एकही माझ्या कामाचं नव्हतं.

मग तिचं अंग सैल पडलं. ती रडत रडत हसायला लागली. "मी किती वाईट आहे बघा, मला हायसं वाटतंय. तुमच्या दुःखात. मंगळवारपासून झोप नाही हो मला. नवऱ्याला काही सांगता येईना. आता रविवारी निर्धास्त पट्टा बांधीन. तुमच्यासाठी देवीला वेगळा नारळ"—

इथे ती थांबली आणि स्वतःच हसली, कारण हा नारळ तिला मीच कधीतरी शिकवला होता, मुंबईच्या एका परिषदेहून आल्यावर. "म्हणजे, वेगळी प्रार्थना करीन."

गप्प बसणं सोपं होतं. तिनंच मागितलं होतं ते, कळू देऊ नका म्हणून. गप्प बसले असते तर माझं मोडलेलं वचनही वरवर पाळल्यासारखं दिसलं असतं. पण न कळणं वेगळं आणि चुकीचं कळणं वेगळं. न कळलेली बाई निदान मनात धाकधूक ठेवून जगते. हिची धाकधूक मी माझ्या रडण्यानं पुसून टाकली होती.

"चिगुसा, माझे दोनदोन आहेत."

"हं?"

"लाल दोन, हिरवे दोन. माझ्यात काही नाही."

तिला समजायला वेळ लागला. माझ्या पाठीवरचे हात आधी थांबले, मग एकेक करून खाली आले. ती मागे सरकली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली.

"एकच गोष्ट मागितली होती मी तुमच्याकडे."

"हो."

"एकच. तुमच्याकडे काय कमी होतं? तुम्हाला आता मूल नको आहे. तुम्हाला नुसतं जुनं उकरायचं होतं, आणि मला तर…" तिनं पोटावर दोन्ही हात ठेवले, जणू ते ऐकू नये. "मग मघाशी रडत होतात ते माझ्यासाठी?"

हो म्हटलं असतं तर तिला थोडा आधार वाटला असता, आणि मलाही बरं दिसलं असतं. जीभ अगदी तिथपर्यंत आली.

"नाही. माझ्यासाठी. मला कारण हवं होतं. तुझी आठवण नंतर आली."

ती कानाखाली मारील असं वाटलं, आणि मारली असती तर मी गाल पुढे केला असता. खाली जिन्यात पोरांचे हसत येणारे आवाज ऐकू आले. चिगुसानं जाऊन दार आतून लावून घेतलं. खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच दवाखान्याचा नंबर लावला.

"चिगुसा हानावा बोलतेय. कालच आले होते. गर्भजलाच्या तपासणीसाठी वेळ हवी होती… हो, लवकरातली. सोमवारी चालेल." ती अगदी सरळ, सभ्य आवाजात बोलत होती, फक्त मोकळा हात टेबलाच्या कडेवर पांढरा पडला होता. "नाही, नवरा नाही येणार. त्यांना अजून काही माहीत नाही. सोबत एक बाई असतील."

मी मान वर केली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नात्यातल्या नाहीत," ती म्हणाली. "मला सांगितलं त्यांनी. मग आता निकाल ऐकायलाही त्याच बसतील."